भिंतीवरचा डबा आणि त्यामागची तार

इलेक्ट्रिक गाडी घरी यायच्या आधी पंधरा दिवस मी घरच्या भिंतीवर लावायचा चार्जर शोधत होते आणि त्यातले तेरा दिवस भलत्याच गोष्टी बघत होते. रंग, पडदा, ॲपमधले आलेख. २२ किलोवॅटचा एक डबा तर घेतलाच होता म्हणा. आकडा मोठा म्हणजे काम झटपट, एवढंच माझं गणित. वायरमनकाकांनी विचारलं, "ताई, गाडी किती घेते?" मला सांगता येईना.

गोम तिथेच आहे. आपण ज्याला चार्जर म्हणतो तो चार्जर नसतोच. घरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं. भिंतीवरचा डबा म्हणजे जरा शहाणं बटण. किती अँपिअर मिळतील ते तो गाडीला कळवतो, गाडी 'तयार' म्हणते, मग आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टक् वाजतो आणि वीज सुरू होते. माझ्या गाडीतलं यंत्र ७.२ किलोवॅटचं, सिंगल फेज. २२चा डबा लावला असता तरी तिने घेतले असते ७.२च, वर थ्री फेजचा खटाटोप फुकट.

शेवटी ३२ अँपिअरचा, ७.४ किलोवॅटचा डबा घेतला. आठ महिने वापरतेय. बॅटरी ४० किलोवॅट-तासांची. २० टक्क्यांवरून ८० वर जायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. पण खरं सांगू? माझं रोजचं फिरणं चाळीस किलोमीटर, म्हणजे सहा-सात युनिट. साध्या १६ अँपिअरवरही ते दोन तासांत भरून निघतं. त्यामुळे डबा मी बहुतेक वेळा १६ वरच ठेवते. घरात गीझर चालू असला तरी मेन पडत नाही. ही अँपिअर कमी-जास्त करायची सोय मला बाकी सगळ्या करामतींपेक्षा उपयोगी पडली.

मग मोठा डबा कशाला? जुन्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर मी महिनाभर काढला होता. तासन् तास सलग भार पडून त्याचं प्लास्टिक तपकिरी झालं. आता सॉकेट मध्ये नाहीच, तार थेट डब्यात.

तारेवरून मात्र काकांशी वाद घातला आणि हरले. मीटरपासून पार्किंगपर्यंत २० मीटर. मी म्हटलं ४ चौरस मिलिमीटरची चालेल. काका ६ वर अडून बसले. हिशोब करून पाहिला. ३२ अँपिअरला ४ च्या तारेत १९० वॅटच्या आसपास नुसती उष्णता, ६ मध्ये सव्वाशे. तेही पाइपातून नेलेल्या तारेत, तासन् तास. गप्प बसले.

आरसीसीबीचंही तसंच. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा हा स्विच. गाडीकडून डीसी गळती झाली तर साधा आरसीसीबी आंधळा होऊ शकतो, खरा झटका बसायच्या वेळी पडतच नाही. आमच्या डब्यात ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय आहे, त्यामुळे बाहेर टाइप ए पुरला. ती नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी घ्यावा लागतो आणि तो चांगलाच महाग असतो. माहितीपत्रकात ही ओळ अगदी तळाशी, बारीक अक्षरात होती. ॲपला मात्र अख्खं पान!

त्या ॲपचंच ऐका. रात्री बाराचा टायमर लावून झोपले, राउटर बंद होता, सकाळी गाडी ३१ टक्क्यांवर. वेळापत्रक डब्यात नाही, कंपनीच्या सर्व्हरवर राहतं म्हणे. तक्रार केली तर उत्तर आलं, 'इंटरनेट सुरू ठेवा.' आता टायमर गाडीतूनच लावते, डबा मुका.

दुसरी चूक माझीच. केबल ५ मीटरची घेतली. गाडीत केबल खुपसायची जागा पुढच्या डाव्या बाजूला, डबा उजव्या भिंतीला. बॉनेटवरून ताणून कशीबशी पोचते, म्हणून रोज गाडी उलटी लावते. आधी सुतळी धरून मोजलं असतं तर ७ मीटरची घेतली असती.

डबा बसवल्यावर महिन्याने काका पुन्हा आले, मेन बंद करून डब्याचं झाकण उघडलं आणि टर्मिनलचे स्क्रू आवळले. एक स्क्रू पाव फेरा फिरलाच.