अंगणातल्या पक्ष्यांचे घडीपत्रक: चित्रे बेताची, नावांची सूची उत्तम

गेले वर्षभर माझ्या पिशवीत पक्षी ओळखण्याचे एक घडीपत्रक आहे. मिटले की ते लहान वहीएवढे होते आणि उलगडले की हातभर लांब. पाणी न शोषणाऱ्या जाड कागदावर बागेत आणि अंगणात दिसणाऱ्या 32 पक्ष्यांची रंगीत चित्रे, प्रत्येक चित्राखाली चार-पाच ओळींचे वर्णन आणि मागच्या बाजूला नावांची सूची, एवढाच त्याचा पसारा. घेताना मी चित्रांवर भाळून घेतले होते; वापरता वापरता मात्र माझे मत उलटे झाले, कारण या पत्रकाची खरी कमाई त्या बारीक अक्षरांतल्या सूचीत आहे.

मराठीत पक्ष्यांवर लिहिणारे सहसा प्रत्येक पक्ष्याला एकच प्रमाण नाव देतात आणि वाचकाने आजीकडून ऐकलेले नाव उंबऱ्याबाहेर काढून ठेवावे, अशी मूक अपेक्षा करतात. येथे तसे झालेले नाही. बोलण्यातली नावे अकारविल्हे लावून प्रत्येकापुढे चित्राचा क्रमांक दिला असल्यामुळे ‘परीट’ शोधणारा आणि ‘धोबी’ शोधणारा हे दोघेही शेपटी खालीवर हलवत चालणाऱ्या त्याच काळ्या-पांढऱ्या पक्ष्यापाशी पोहोचतात. ‘शिंजीर’ आणि ‘सूर्यपक्षी’ यांचेही तसेच. जेथे नाव एक आणि पक्षी दोन असा पेच आहे, तेथे सूची अधिक सावध होते. ‘राघू’ म्हणजे पोपट. परंतु तारेवरून झेप घेऊन माशा पकडणारा हिरवा, बारीक चोचीचा ‘वेडा राघू’ पोपटाच्या जवळपासही येत नाही, हे तिने एका ओळीत सांगितले आहे. शेपटीचा पंखा उघडून झुडपात अस्वस्थपणे फिरणारी ‘नाचण’ आणि लांब फितीसारख्या शेपटीचा ‘स्वर्गीय नर्तक’ यांचा घोटाळाही तिने असाच सोडवला आहे. ‘चिमणी’ या शब्दापुढे तर पाच क्रमांक आहेत, आणि ते मला मनापासून पटले. ज्याला पक्ष्यांचे वेड नाही त्याच्या लेखी मुठीत मावणारे प्रत्येक पाखरू चिमणीच असते.

सूचीत उणीव नाही असे नाही. कोणते नाव कोणत्या भागात चालते, हे तिच्यात कोठेही दिलेले नाही. ‘सातभाई’पुढे एकच क्रमांक आहे; वास्तविक ते एका जातीचे नाव नसून टोळीने जमिनीवर पाला उलथत, कलकलाट करत फिरणाऱ्या एकाहून अधिक मातकट जातींना आपण सरसकट दिलेले नाव आहे. (इंग्रजीत याच टोळीला सात बहिणी मानतात; भाऊ की बहिणी हे ठरवणे पाहणाऱ्यालाही कठीणच, कारण नर आणि मादी सारखेच दिसतात.)

आता चित्रांविषयी. सर्व पक्षी एकाच आकाराच्या चौकटीत सारखेच मोठे काढल्यामुळे जेमतेम 8 सेंटिमीटरचा फुलटोच्या आणि त्याच्या दुपटीहून मोठा दयाळ हे शेजारी शेजारी जुळे भाऊ वाटतात. खाली सेंटिमीटर छापले आहेत हे खरे, पण फांदीवरच्या पक्ष्याला पट्टी कोण लावणार? ‘चिमणीहून लहान’, ‘साळुंकीएवढा’ अशी मापे दिली असती तर नवख्या माणसाचे निम्मे काम झाले असते.

शिंजिरांच्या बाबतीत तर चित्रकाराने फारच कंजुषी केली आहे. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर यांचे झगमगीत नर तेवढे वेगळे दाखवून दोघांसाठी मादी एकच काढली आहे. प्रत्यक्षात जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा गळा फिका, करडा-पांढरा आणि छाती पिवळी असते, तर जांभळ्या शिंजिराच्या मादीचा पिवळेपणा गळ्यापासूनच सुरू होतो. कुंडीतल्या फुलावर लटकलेल्या पक्ष्यात एवढा फरक साध्या डोळ्यांनीही दिसतो. त्याहून मोठी चूक अशी की विणीचा हंगाम सरल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर आपला चमकदार वेश उतरवून मादीसारखा होतो आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो, याचा पत्रकात उल्लेखच नाही. या रूपातला नर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हा तेहतिसावा पक्षी समजून दोन दिवस शोधत बसलो होतो.

वर्णनांचा दर्जा चढउतार होणारा आहे. शिंपी आणि राखी वटवट्या यांच्यावरचा मजकूर उत्तम उतरला आहे: दोघेही उभ्या शेपटीचे आणि अंगाच्या मानाने फार मोठ्या आवाजाचे, पण शिंप्याची पाठ हिरवट, डोके तांबूस आणि ओरडताना मानेवर उघडी पडणारी काळी खूण, तर वटवट्याची पाठ राखाडी, पोट बदामी आणि उडताना ठिणगी उडावी तसा तडतडणारा आवाज. इतके नेमके लिहिणाऱ्याने पुढच्याच ओळीत ‘शिवलेल्या पानांचे घरटे म्हणजे शिंपीच’ असे ठोकून द्यावे याचे आश्चर्य वाटते, कारण वटवट्याही कधी कधी पाने टाचून घरटे करतो. (शिंप्याच्या शास्त्रीय नावातला ‘सुटोरियस’ हा शब्द लॅटिनमधल्या चांभाराच्या धंद्यावरून आला आहे, आपण त्याच कारागिराच्या हाती कापड दिले.) सुगरणीच्या बाबतीत मात्र नावानेच लेखकाला चकवले आहे. ‘ती घरटे विणते’ असे तेथे छापले आहे. प्रत्यक्षात विणकाम नराचे, आणि मादी येऊन ते पारखते.

दयाळ आणि चीरक समोरासमोर ठेवून एकाच्या पंखावरचा लांब पांढरा पट्टा आणि दुसऱ्याच्या शेपटीखालचा तांबूस रंग बाणाने दाखवण्याची कल्पना चांगली आहे. फुलटोच्यासाठी ‘आधी झाडावर बांडगूळ शोधा’ हा सल्लाही अनुभवातून आलेला दिसतो. बांडगुळाची चिकट फळे हा पक्षी खातो आणि त्याच्या बिया फांद्यांवर रुजतात, त्यामुळे दोघांचा पत्ता बहुधा एकच असतो.

ज्यांच्या घरात पक्ष्यांची नावे अजून बोलली जातात आणि ज्यांना ती नावे समोरच्या पक्ष्याशी जुळवून पाहायची आहेत, त्यांनी हे पत्रक अवश्य घ्यावे. केवळ चित्रावरून ओळख पटवू पाहणाऱ्याने सोबत दुर्बीण आणि एखादे जाडजूड पुस्तक ठेवावे. कागदाला मेणचट लेप असल्याने त्यावर पेन्सिल उठत नाही. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेली नावे मी कागदाच्या चिकटपट्ट्यांवर लिहून सूचीच्या कडेला लावली आहेत. अशा अकरा पट्ट्या झाल्या असून आता पत्रक नीट मिटत नाही.