पोर्ट्रेटसाठी ८५ की १३५? नवरात्र ते लग्नसराई, तीन लेन्सची तुलना

बडोद्यात छायाचित्रणाचे काम करणाऱ्याच्या वर्षात दोन हंगाम लेन्सची खरी परीक्षा पाहतात: नवरात्रातल्या गरब्याच्या नऊ रात्री आणि तुळशीचे लग्न लागल्यावर सुरू होणारी लग्नसराई. पहिल्यात माणसे क्षणभरही स्थिर नसतात आणि प्रकाश मैदानाच्या एका टोकाला एक, तर दुसऱ्या टोकाला दुसराच असतो. दुसऱ्यात माणसे जागेवर असतात, पण मागे सरकायला जागा नसते आणि जरी, मोती, समयांच्या ज्योती अशा बारीक चकाकणाऱ्या गोष्टींनी सारी चौकट भरलेली असते. गेल्या नवरात्रापासून माघातल्या शेवटच्या मुहूर्तापर्यंत मी सोनीच्या ए-७ मार्क ४ या ३३ मेगापिक्सेलच्या बॉडीवर तीन लेन्स आलटून पालटून वापरल्या. सोनीची ८५ मिमी एफ १.८, सिग्माची ८५ मिमी एफ १.४ डीजी डीएन आर्ट आणि सोनीची १३५ मिमी एफ १.८ जी मास्टर या त्या तीन. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद आणि माणूस जवळ दिसतो; एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे उघडते. पोर्ट्रेटसाठी पहिली किंवा दुसरी लेन्स घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाला त्या वापरातून जे सांगता येईल ते येथे मांडतो.

तिघींची ओळख थोडक्यात करून देतो. सोनी ८५ ही २०१७ सालची लेन्स असून तिचे वजन ३७१ ग्रॅम आहे आणि तिघींत ती सर्वांत स्वस्त आहे. सिग्मा २०२० साली आली. तिचे वजन सुमारे ६२५ ग्रॅम आहे, आणि आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यांसाठी सिग्माने २०१६ साली काढलेली त्याच मापाची लेन्स एक किलोच्याही वर होती हे लक्षात घेतले, तर हा उतार किती मोठा आहे ते कळते. १३५ जी मास्टर २०१९ सालची असून तिचे वजन ९५० ग्रॅम आहे. बॉडीसह ती दीड किलोच्या पुढे जाते, आणि गरब्याच्या चार तासांनंतर हा आकडा मनगटाला आपोआप कळतो.

तीक्ष्णतेबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो, जरी निर्णय तिच्यावर अवलंबून राहण्याचे दिवस आता गेले आहेत असे माझे मत आहे. घरच्या भिंतीवर कालनिर्णयाचे पान सपाट चिकटवून, कॅमेरा तिपाईवर ठेवून, दोन सेकंदांच्या टायमरने तिन्ही लेन्सचे फोटो घेतले. देवनागरीचा बारीक टाइप या कामाला फार चांगला आहे, कारण शिरोरेषेवरचा अनुस्वार तिच्यापासून सुटा दिसतो की चिकटतो, एवढ्यावरून लेन्सची कुवत ओळखता येते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चौकटीच्या मध्यभागी तिन्ही लेन्सने अनुस्वार सुटा दाखवला. कोपऱ्यात मात्र सोनी ८५ वर तो शिरोरेषेत मिसळू लागला, सिग्मावर कडा किंचित मऊ झाली तरी वेगळा राहिला, आणि १३५ वर मध्य आणि कोपरा यांतला फरक शोधावा लागला. एफ २.८ ला तिघींतले अंतर इतके कमी होते की छापील अल्बममध्ये ते ओळखता येणार नाही. पोर्ट्रेटमध्ये कोपऱ्यात डोळा क्वचितच येतो, त्यामुळे सोनीच्या कोपऱ्यातल्या उणिवेला मी फारसे महत्त्व देत नाही. सिग्माच्या बाबतीत एक गोष्ट मात्र जाणून घेतली पाहिजे. तिची रचना सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीवर विसंबून केलेली आहे, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, दुरुस्तीशिवाय उघडली तर खिडकीचे उभे गज आतल्या बाजूला वाकलेले दिसतात. कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये आणि संगणकावर लेन्सचे प्रोफाइल, म्हणजे तिच्यासाठीची तयार दुरुस्ती, लावल्यावर ते सरळ होतात, म्हणून जो रॉवर काम करतो त्याने प्रोफाइल लावण्याची सवय ठेवावी एवढेच.

धूसर पार्श्वभूमीची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण येथेच या लेन्सचे स्वभाव वेगळे होतात. आधी थोडे गणित. दोन मीटरवर बसलेल्या व्यक्तीचा कमरेपासून वरचा फोटो ८५ मिमीने घेतला, तर फार दूरचा एखादा दिवा एफ १.८ वर सेन्सरवर सुमारे २.१ मिलिमीटरचे वर्तुळ होऊन उमटतो आणि एफ १.४ वर २.७ मिलिमीटरचे. तीच चौकट १३५ मिमीने घ्यायची तर सुमारे ३.२ मीटरवर उभे राहावे लागते, आणि तेव्हा एफ १.८ वरही ते वर्तुळ ३.३ मिलिमीटरचे होते. म्हणजे दूरची पार्श्वभूमी विरघळवण्यात १३५ ही एफ १.४ च्या ८५ ला मागे टाकते. चेहऱ्यावरच्या फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढ्या अंतरातले स्पष्ट दिसते ती, मात्र तिच्याकडे जास्त राहते. सिग्मावर ती जेमतेम साडेचार सेंटिमीटर असते, तर १३५ वर आणि सोनी ८५ वर साडेपाच सेंटिमीटरच्या थोडी वर. माझ्या दृष्टीने हा १३५ चा सर्वांत मोठा गुण आहे: दोन्ही डोळे रेखीव राहतात आणि तरीही मागचे सारे वितळते.

सुरसागरच्या काठी संध्याकाळी एका वधूचे फोटो घेताना हे आकडे डोळ्यांसमोर उभे राहिले. तलावापलीकडचे दिवे तिच्या खांद्यामागे होते. १३५ वर ते मोठे, शांत, आतून एकसारखे उजळलेले गोळे झाले, आणि कडेच्या गोळ्यांचाच आकार थोडा दबला. दोन्ही ८५ लेन्सवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चौकटीच्या कडेचे गोळे लिंबासारखे निमुळते होत गेले. एफ २.२ च्या आसपास ते बरेच गोल होतात, पण तिथे अ‍ॅपर्चरच्या कड्यातल्या सोनीच्या नऊ पात्यांपेक्षा सिग्माची अकरा पाती गोलाई अधिक टिकवतात. सोनी ८५ मध्ये अ‍ॅस्फेरिकल भिंग (पृष्ठभाग पूर्ण गोलाकार नसलेले) नाही, त्यामुळे तिच्या गोळ्यांत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलये दिसत नाहीत, ही या स्वस्त लेन्सची न सांगितली जाणारी जमेची बाजू आहे. १३५ मध्ये तसे भिंग आहे, पण त्याचा पृष्ठभाग अतिशय काटेकोर घडवलेला असल्याने तिथेही वलये जाणवत नाहीत.

दिवे हा सोपा विषय झाला. खरा कठीण विषय पैठणीचा काठ आहे. जवळून घेतलेल्या पोर्ट्रेटमध्ये पदर खांद्यावरून पुढे येतो, त्यातली जर फोकसच्या थोडी अलीकडे असते आणि पाठीवरची जर पलीकडे. लेन्समध्ये सगळ्या रंगांचे किरण एकाच अंतरावर एकत्र येत नसतील, तर अलीकडच्या जरीच्या कडेला जांभळट आणि पलीकडच्या जरीला हिरवट किनार दिसते. सोनी ८५ एफ १.८ वर ही किनार स्पष्ट दिसते. सोन्याची जर सोन्याची राहत नाही, आणि संगणकावर ती किनार पुसू गेल्यास काठाच्या मूळच्या जांभळ्या रंगातला प्राणही त्याबरोबर जातो. एफ २.८ ला ती बरीच कमी होते, पण मग मोठ्या अ‍ॅपर्चरसाठी मोजलेले पैसे कामी येत नाहीत. सिग्मावर तीच जर एफ १.४ लाही बहुतांशी स्वच्छ आली. नथीच्या मोत्यांभोवती अगदी बारीक हिरवी रेघ सापडली, तीही शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर. १३५ वर मला शोधूनही तक्रार करण्याजोगे काही दिसले नाही. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रे पाहिलेल्या कोणालाही हे पटेल, की आपल्याकडच्या पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याखालोखाल नजर जाते ती वस्त्राच्या काठाकडे आणि दागिन्याकडे. तिथला रंग बिघडला, तर पार्श्वभूमी कितीही मुलायम असली तरी चित्र फसते. म्हणून लग्नाचे काम करणाऱ्याने लेन्स पाहताना विटांच्या भिंतीचे फोटो घेण्यापेक्षा एखादी जरीची साडी सोबत न्यावी.

आता ऑटोफोकस. गरब्यात समोरून वळून येणारी मुलगी सेकंदाला एक मीटर या बेताच्या वेगाने जरी आली, तरी सेकंदाच्या विसाव्या भागात ती पाच सेंटिमीटर पुढे आलेली असते, म्हणजे फोकसची जवळजवळ सारी खोली तेवढ्यात संपते. डोळा ओळखण्याचे काम कॅमेरा करतो, पण त्याच्या आज्ञेनुसार भिंगे हलवणे लेन्सच्या मोटरवर अवलंबून असते. १३५ मध्ये चार लीनियर मोटर आहेत, आणि तिच्यावर सलग घेतलेल्या फोटोंतले बहुतेक सारे डोळ्यावर नेमके आले. चणिया-चोळीवरचे आरसे एकदम चमकून जात असतानाही तिने चेहरा सोडला नाही. सोनी ८५ मध्ये दोन लीनियर मोटर आहेत, आणि किमतीचा विचार करता तिचा वेग थक्क करणारा आहे. हलकी असल्यामुळे गर्दीत ती हाताळायलाही सोपी जाते. सिग्माची स्टेपिंग मोटर आवाज न करता आणि अचूक काम करते, मात्र दूरच्या फोकसवरून एकदम जवळ यायचे असेल तर क्षणभर जास्त घेते. गरब्याच्या फेरीत दर वळणाला हा क्षण मोजावा लागतो. लग्नात तो जाणवतही नाही.

प्रकाशाचा हिशोबही येथेच सांगतो. एफ १.८ ला जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० लागतो, तिथे एफ १.४ ला ४००० पुरतो. एकेकाळी हा फरक निर्णायक होता. आजच्या सेन्सरवर आणि फोटोतला दाणेदारपणा (नॉइज) कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे तो राहिला आहे, पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजावेत इतका मोठा नाही.

लग्नात ऑटोफोकसला अडचण येते ती मुंडावळ्यांची. वधूने मान खाली घालून थोडी वळवली की मोत्यांची सर डोळ्यासमोर येते, आणि डोळा ओळखणारी यंत्रणा कधी पापणीवर, तर कधी त्या मोत्यावर स्थिरावते. एफ १.४ वर मोती आणि पापणी यांच्यातले दोन-तीन सेंटिमीटर फोटो वाया घालवायला पुरेसे असतात. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी मी सिग्माही एफ २ वर ठेवतो आणि एकाऐवजी तीन फोटो सलग घेतो. तो क्षण पुन्हा मागता येत नाही, म्हणून तिथे धूसरतेचा मोह सोडलेला बरा. मंगलाष्टके चालू असताना मात्र वेळ असतो, आणि तेव्हा डावा किंवा उजवा डोळा ठरवून देण्याची कॅमेऱ्यातली सोय वापरून एफ १.४ चा पूर्ण लाभ घेता येतो.

सर्वांत निर्णायक मुद्दा जागेचा आहे, आणि लेन्स घेताना त्याचाच विचार सर्वांत कमी केला जातो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत आजही केळवण, ग्रहमख, मुंज अशी कार्ये घरीच होतात. पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण व्यक्ती उभ्या चौकटीत घ्यायची तर ८५ मिमीला साडेचार मीटरपेक्षा थोडे जास्त अंतर लागते आणि १३५ ला सव्वासात मीटर. जुन्या वाड्याच्या माजघरात पाठ भिंतीला टेकवूनही साडेचार मीटर मिळणे मुश्कील, तिथे सव्वासातचा विचारच करायला नको. एका केळवणाला मी १३५ घेऊन गेलो आणि दारातून, उंबऱ्याबाहेर उभे राहून, फक्त पानावर बसलेल्या आजींचे चेहरे टिपू शकलो. चेहरे अप्रतिम आले, पण पान, रांगोळी आणि वाढणारे हात यांपैकी काहीच चौकटीत आले नाही. तीच लेन्स सयाजीबागेत किंवा मोकळ्या लॉनवर लावली की तिच्या तोडीचे दुसरे काही हातात धरावेसे वाटत नाही.

बांधणीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. तिन्ही लेन्सना धूळ आणि ओलावा यांपासून संरक्षण आहे. सिग्मावर आणि १३५ वर अ‍ॅपर्चरची कडी आहे आणि व्हिडिओसाठी तिचा टिकटिक आवाज बंद करता येतो. सोनी ८५ वर कडी नाही. तिचा फिल्टर ६७ मिलिमीटरचा, सिग्माचा ७७ चा आणि १३५ चा ८२ चा आहे, तेव्हा फिल्टरचा खर्चही त्याच क्रमाने वाढतो.

माझी शिफारस अशी आहे. घरच्या माणसांचे फोटो मनापासून काढणाऱ्याने, किंवा गरब्याचे काम ज्याच्याकडे जास्त आहे त्याने, सोनी ८५ एफ १.८ घ्यावी आणि जरीचे जवळचे फोटो एफ २.८ वर घेण्याची सवय लावून घ्यावी. ज्याची उपजीविका लग्नांवर आहे त्याने सिग्मा घ्यावी. माझ्या बॉडीवर वर्षातला बराचसा काळ तीच असते. १३५ ही दुसरी किंवा तिसरी लेन्स आहे, पहिली कधीच नाही, आणि ज्याला मोकळ्यावरचे काम वर्षाला दहा-बारा दिवसच मिळते त्याने ती भाड्याने आणावी हे उत्तम. ज्यांच्याकडे सोनीची लहान सेन्सरची बॉडी आहे त्यांच्यासाठी ८५ मिमी प्रत्यक्षात सव्वाशेच्या पुढच्या लेन्सइतकी अरुंद चौकट देते आणि घरात अडचण होते. त्यांनी सिग्माची ५६ मिमी एफ १.४ पाहावी. ती २८० ग्रॅमची आहे आणि त्या सेन्सरवर ८५ च्या जवळजवळ बरोबरीची चौकट देते.

वापरलेली लेन्स घेणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जुनी ८५ मिमी लेन्स विकत घेतली. दुकानात काच स्वच्छ दिसली, फोकसही बरोबर वाटला. पहिल्याच मुंजीनंतर लक्षात आले की चौकटीची उजवी बाजू डावीपेक्षा कायम मऊ येते, कारण आतले एखादे भिंग कधीतरी पडझडीत सरकलेले होते. तेव्हापासून मी कालनिर्णयाचे एक पान घडी न घालता पिशवीत नेतो. दुकानाच्या भिंतीवर ते लावून एफ २ ला चार फोटो घेतो, दर वेळी एकच तारीख वेगवेगळ्या कोपऱ्यात येईल असे, आणि चारही कोपऱ्यांत त्या तारखेखालची तिथी सारखीच वाचता येते का ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहतो. चारांपैकी एक जरी पुसट आली तरी किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेत नाही.