चिकन जाळी, चेनलिंक की वेल्डेड? मुंबईत अंगणातल्या कोंबड्या राखताना

कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून लावायची जाळी वेगळी आणि बाहेरचं जनावर आत येऊ नये म्हणून लावायची वेगळी. मला हे पाच तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या, गमावल्यावर समजलं. मनोरीला घरामागे मी सगळे लावतात तीच षटकोनी भोकांची चिकन जाळी लावली होती. एका रात्री कुत्र्यांनी ती खालच्या कडेला दातात धरून ओढली आणि तार सुतासारखी उसवत गेली. सकाळी पाचही कोंबड्या अंगणात पडलेल्या, एकही खाल्लेली नाही. कुत्रं असंच करतं, धडपडणारी प्रत्येक कोंबडी मारतं आणि निघून जातं. त्या सकाळची आठवण अजून छातीत रुतते. म्हणून गोराई, मढ, मरोळचं गावठाण किंवा आरेच्या पाड्यांत कुणी नव्याने चार-सहा कोंबड्या पाळायचं ठरवत असेल, तर जाळी विकत घेण्याआधी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी आपल्याकडे कोण येतं ते बघा. दिवसा मुंगूस, कावळे, घार, मांजरी. रात्री कुत्री, घूस, बोके, आणि कौलांवरून उतरणारं उदमांजर, ज्याला आपण कांडेचोर म्हणतो. मुंगूस उजेडात फिरणारं जनावर आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. फक्त रात्रीचा बंदोबस्त केला आणि दुपारी पिल्लं मोकळी सोडली, तर ते नेमकं तेव्हाच साधतं. शिवाय आमच्याकडे मासळी वाळत घातलेली असते, त्या वासाने मांजरी आणि कावळे बारा महिने घिरट्या घालतात.

चिकन जाळी स्वस्त असते, हलकी असते, हाताने वळते. मालाडहून घेतलेली गुंडाळी मार्व्याच्या होडीतून मी एकटा आणू शकलो. मोठ्या कोंबड्यांना दिवसा, माणूस घरात असताना, एका बाजूला ठेवायला ती पुरते. त्यापलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नका. तार पिळलेली असते, सांधा जोडलेला नसतो. एक तार तुटली की शेजारचं भोक मोठं होतं.

चेनलिंक, म्हणजे जाड तारा एकमेकींत गुंफून केलेली कुंपणाची जाळी, कुत्र्याला नक्की अडवते. पण तिचं नेहमीचं भोक दोन इंचांचं. त्यातून उंदीर, साप, मुंगसाचं पिल्लू सहज जातं, आणि मांजर पंजा घालून पिल्लू ओढून घेतं. एकटी चेनलिंक लावणार असाल तर नका लावू. बाहेरून चेनलिंक आणि आतून खालचे दोन फूट बारीक जाळी, हा जोड मात्र चांगला चालतो.

अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी, म्हणजे जिच्या तारांचा प्रत्येक सांधा वेल्डिंगने जोडलेला असतो ती, महाग पडते, जड असते, कापताना हात सोलतात. पण ती उंदीर, मुंगूस, मांजराचा पंजा आणि मोठा साप, सगळ्यांना थोपवते. घेताना गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, विचारा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. खाडीजवळ किंवा समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: जस्ताचा थर वेल्डिंगच्या आधी दिला आहे की नंतर? आधी दिलेला असेल तर वेल्डिंगच्या ठिपक्यावर जस्त जळतं आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. नंतर थर दिलेली जाळी थोडी महाग, पण इथे तीच घ्यावी.

आता पैशांचा प्रश्न. सहा कोंबड्यांसाठी दहा बाय सहा फुटांचं आणि सहा फूट उंच आवार धरा. चारही बाजू आणि वरचं छत मिळून 252 चौरस फूट जाळी लागते. रात्रीचा खुराडा मात्र चार बाय तीन फुटांचा आणि तीन फूट उंच असला की पुरतो. त्याला तळासकट सगळीकडून जाळी मारली तरी 66 चौरस फूट. म्हणून हात आखडता असेल तर माझं मत ठाम आहे: वेल्डेड जाळी आधी खुराड्याला. आवाराला खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची, म्हणजे आणखी 64 चौरस फूट, आणि वरती साधी चिकन जाळी चालेल. बहुतेक जण उलट करतात. मोठं आवार देखणं उभारतात आणि रात्री कोंबड्या फळ्यांच्या खोक्यात कोंबतात.

खुराडा पत्र्याचा की जाळीचा, हेही विचारतात. पत्र्याचा डबा जनावराला अडवतो हे खरं, पण एप्रिल-मेच्या दमट रात्री कोंबड्या त्यात चोची उघड्या टाकून धापा टाकतात. छताला पत्रा, पावसाच्या बाजूला फळी आणि उरलेल्या बाजूंना जाळी, हे आपल्या हवेला मानवतं.

सगळ्यात जास्त फसगत जमिनीपाशी होते. घूस कुंपण चढत नाही, खालून येते. तिच्यासाठी तीन उपाय सांगतात. फूटभर चर खणून जाळी उभी पुरणं हा पहिला. पावसाळ्यात आमच्याकडे चरात पाणी साचतं आणि पुरलेली जाळी गंजून जाते, म्हणून मी तो सोडला. विटांचा कट्टा आणि आत कोबा हा दुसरा. सर्वांत पक्का, धुवायला सोपा, पण जागा स्वतःची असेल तरच करावा. भाड्याच्या अंगणाला तिसरा उपाय बरा: जाळीच्या पायथ्याला बांधून बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरायची, सळीचे आकडे ठोकायचे आणि वर माती-दगड टाकायचे. उकरणारं जनावर कुंपणाला खेटूनच उकरायला लागतं. तिथे पंज्याला तार लागली की मागे सरकून खणायचं त्याला सुचत नाही. मी हेच केलं आहे आणि घुशीने प्रयत्न करून सोडून दिल्याच्या खुणा मला दिसल्या आहेत.

वरून जुनं मासेमारीचं जाळं टाकायचा मोह कोळीवाड्याजवळ राहणाऱ्या सर्वांना होतो. घार आणि कावळ्यांपुरतं ते ठीक, कांडेचोर मात्र ते कुरतडतं. ते सैल सोडू नका, ताणून बांधा आणि जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, कारण त्यात साप अडकतात आणि तडफडून मरतात. साप दिसला तर काठी न उचलता वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मुंगसासाठी सापळा लावायचा विचारही नको; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आरेतल्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या घरांची गोष्ट निराळी. तिथे बिबट्या येतो, आणि अंगणात लावायच्या कुठल्याही बारीक तारेला तो दाद देणार नाही. तिथे आवार फक्त दिवसासाठी ठेवा आणि दिवेलागणीच्या आधी कोंबड्या घरात किंवा घराला लागून भिंतीच्या पक्क्या खोलीत घ्या. उजेड पाहून आपोआप बंद होणारं दार मिळतं, पण जुलैत ढग दाटले की चार वाजताच अंधारतं आणि अर्ध्या कोंबड्या बाहेर राहू शकतात. घ्यायचंच असेल तर घड्याळावर चालणारं घ्या, आणि तरीही रोज मोजा.

दाराला नुसती वर उचलायची कडी नको. कांडेचोराचे पंजे फार चलाख असतात. कडी-कोयंड्यात स्प्रिंगचा हूक अडकवा. रात्री दाणे आत ठेवू नका, अंडी संध्याकाळीच उचला. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग-धामण. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी पिल्लं घेऊन उठली की पहिले काही आठवडे तिला आवारातसुद्धा डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या टोपलीखाली, ठेवा आणि डालग्यावर दगड ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, मी जाळीचा प्रत्येक सांधा बोटाने दाबत एक फेरी मारतो. जिथे तार बोटाखाली चुरते तिथे त्याच दिवशी नवा तुकडा बांधतो.