आयोडीनच्या डागाची 'चाचणी' आणि बाळासाठीचे थेंब

आईच्या आहारात आयोडीनची मोठी कमतरता असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, ही गोष्ट खरी आहे आणि ती खरी असल्यामुळेच तिच्या आडून फसवणे सोपे जाते.

स्वतःला पोषण सल्लागार म्हणवणाऱ्या एका बाईंनी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला आयोडीनचा तपकिरी चौकोन काढला आणि तो चोवीस तासांच्या आत गेला तर शरीरात आयोडीन कमी आहे, असे समजावे म्हणून सांगितले. संध्याकाळपर्यंत त्याची फक्त पिवळसर कड उरली. वास्तविक असा डाग कमतरता नसलेल्यांच्याही अंगावरून जातो. त्यातले बरेचसे आयोडीन हवेत उडून जाते, काहीचे रंगहीन आयोडाइड होते आणि शरीरातील साठ्याशी या साऱ्याचा संबंध नसतो. लघवीतील आयोडीन मोजण्याची तपासणी शास्त्रीय आहे, पण तीदेखील लोकसमूहाची स्थिती कळण्यासाठी असते; एका नमुन्यावरून एका बाईची कमतरता ठरत नाही.

'निदान' झाल्यावर अर्थातच बाटली पुढे आली. समुद्री शेवाळाचा नैसर्गिक अर्क, आईने रोज दहा थेंब घ्यावेत, बाळाच्या जिभेवर एक सोडावा. एका थेंबात किती मायक्रोग्रॅम आयोडीन आहे, हे लेबलवर कुठेच नव्हते आणि विचारल्यावर 'नैसर्गिक वस्तूला मोजमाप लावायचे नसते' असे उत्तर मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गरोदर व स्तनदा मातेला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम आणि पाच वर्षांखालील मुलाला 90 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. शेवाळातले प्रमाण जातीनुसार अनेक पटींनी बदलते, आणि पाच टक्क्यांच्या ल्युगोल द्रावणाच्या (पाण्यात आयोडीन व पोटॅशियम आयोडाइड विरघळवून केलेल्या औषधी द्रावणाच्या) तर एकाच थेंबात सहा हजारांहून अधिक मायक्रोग्रॅम आयोडीन असते. म्हणजे थेंब मोजून काहीच कळत नाही.

पुढे बाळ सुस्त झाले, दूध कमी पिऊ लागले, शौचाला खडा होऊ लागला. त्यावर बाईंचे म्हणणे असे, की शरीर शुद्ध होत आहे, थेंब वाढवा. बालरोगतज्ज्ञांनी मात्र बाटली पाहताच थेंब बंद करायला लावून रक्ताची तपासणी केली, तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, वाढलेले निघाले; थायरॉइड कमी काम करत असल्याची ती खूण असते. आयोडीन एकाएकी फार झाले की थायरॉइड ग्रंथी संप्रेरक बनवणे तात्पुरते थांबवते. मोठ्या माणसाची ग्रंथी सहसा काही दिवसांत त्यातून सावरते, पण तान्ह्या बाळाच्या ग्रंथीला ते पुरतेपणी जमत नाही. शिवाय स्तनातील पेशी रक्तातले आयोडीन दुधात ओढून घेतात, त्यामुळे माझ्या दहा थेंबांचा वाटाही बाळालाच मिळत होता. त्याची तपासणी अजून ठरावीक अंतराने चालू आहे.

पैसे परत मागितले तेव्हा 'सील फोडल्यावर परतावा नाही' एवढेच कळवण्यात आले. ज्यांच्याकडे अशी बाटली असेल त्यांनी थेंब ताबडतोब बंद करावेत, मात्र बाटली फेकू नये; लेबल, पावती आणि विक्रेत्याचे संदेश यांच्यासह ती डॉक्टरांना दाखवावी, कारण तक्रार करायची तर त्याच वस्तू हाती लागतात. आणि पूरक आयोडीन खरोखरच हवे असेल, तर डॉक्टर लिहून देतात त्या गोळीवर मात्रा मायक्रोग्रॅममध्ये छापलेली असते.