बोर्डामागचं मॉड्यूल: मॅटर, थ्रेड, झिगबी की स्वतःचं क्लाउड?

चार स्विच, एक पंखा आणि बोर्डाच्या मागे दोन काडेपेट्या मावतील एवढी जागा. भोसरीतला असो, सातपूरचा असो की वसईचा, स्मार्ट होममध्ये उतरू पाहणारा छोटा उत्पादक बहुधा तिथे बसणाऱ्या, दिवे-पंखा फोनवरून चालवणाऱ्या मॉड्यूलपासून सुरुवात करतो. ते शहाणपणाचंच आहे. आपल्याकडे बोर्डातच सॉकेट असतं, त्यामुळे न्यूट्रल (मॉड्यूलला स्वतःला वीज मिळायला लागणारी परतीची तार) सहसा हाताशी सापडतो. जुने स्विच जागेवरच राहतात आणि आजी-आजोबांना नवं काही शिकवावं लागत नाही. रिले (विजेने चालणारा स्विच) आणि पॉवर सप्लायचं काम दोन-तीन महिन्यांत मार्गी लागतं. मग गाडी अडते ती एका प्रश्नावर: हे मॉड्यूल बोलणार कुठल्या भाषेत?

रस्ते चार आहेत. स्वतःचं (किंवा भाड्याचं) क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, आणि ॲप; झिगबी, म्हणजे घरातली उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पाठवतात असं कमी विजेचं रेडिओ जाळं; वाय-फायवरचं मॅटर, म्हणजे सगळ्या कंपन्यांची सामाईक बोली; आणि थ्रेड या झिगबीसारख्याच दुसऱ्या जाळ्यावरचं मॅटर. फर्मवेअर (उपकरणाच्या चिपमधला प्रोग्राम) लिहिणं हा माझा धंदा आहे आणि चारही रस्त्यांनी माल पाठवून झालाय, तेव्हा माझा कल आधीच सांगून टाकतो. भिंतीतून वीज मिळणारी आणि दुकानातून सुट्या ग्राहकाला विकायची वस्तू असेल, तर आज वाय-फायवरचं मॅटर. याला अपवाद आहेत आणि ते किरकोळ नाहीत.

मॅटर की थ्रेड, हा प्रश्नच चुकीचा

डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी मिळून एक प्रकल्प जाहीर केला. मे २०२१ मध्ये त्याचं नाव मॅटर झालं. त्याच वेळी झिगबी अलायन्सनेही आपलं नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स केलं. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटर म्हणजे रेडिओ नव्हे. आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीवर, चालणारी ती एक बोली आहे. खाली वाय-फाय असो, इथरनेट असो की थ्रेड, तिला फरक पडत नाही.

थ्रेड आणि झिगबी मात्र एकाच रेडिओवर उभे आहेत: ८०२.१५.४ हे मानक, २.४ गिगाहर्ट्झ, सेकंदाला २५० किलोबिट. आणि मॅटरने क्लस्टरची, म्हणजे एकेका कामाच्या आज्ञांच्या गठ्ठ्याची, कल्पना घेतली ती झिगबीकडूनच. ऑन/ऑफ, लेव्हल कंट्रोल ही नावं झिगबीवर काम केलेल्याला ओळखीची वाटतील. म्हणजे भांडण परक्यांचं नाही, भाऊबंदकी आहे.

वीज परत आल्यावर काय होतं

पुस्तिकांमध्ये या मुद्द्याला जागा नसते, पण विक्रीनंतरचे निम्मे फोन मला याच्यामुळे येतात.

वीज गेली की मॉड्यूल बंद, दिवाही बंद. तक्रार नाही. खरी परीक्षा वीज परत आल्यावर. क्लाउडवाल्या मॉड्यूलला आधी राउटर हवा, मग इंटरनेट हवं, मग सर्व्हरशी हातमिळवणी. फायबरचा डबा जागा होईपर्यंत दोन-चार मिनिटं ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतं. आणि इंटरनेट दिवसभर गेलं, तर ग्राहकाला हॉलमध्ये बसून हॉलचाच दिवा ॲपवरून लावता येत नाही. मॅटरमध्ये आणि झिगबीमध्ये आज्ञा घरातल्या घरात फिरते. राउटर किंवा हब (झिगबीची उपकरणं घरच्या नेटवर्कशी जोडणारा डबा) इन्व्हर्टरवर असेल, तर मॉड्यूल जागं झालं की थोड्याच वेळात कामाला लागतं.

वाय-फायवर एक काळजी घ्यावी लागते. फ्लॅटमधली दहा मॉड्यूल एकाच क्षणी राउटरच्या दारात उभी राहतात. प्रत्येकाने जोडणीआधी काही सेकंदांची वेगवेगळी उसंत घ्यावी, एवढं फर्मवेअरमध्ये लिहा. स्वस्त राउटर दुवा देतील.

दुसरी गोष्ट ‘स्टार्टअप ऑन-ऑफ’ या गुणधर्माची. वीज आल्यावर दिवा चालू व्हावा, बंद राहावा की आधी होता तसा व्हावा, हे मॅटर आणि झिगबी दोन्हींत दिव्यांसाठी ठरवून ठेवलंय. आमच्या पहिल्या तुकडीत मी ‘चालू’ ठेवून दिलं होतं. एका गावात रात्री तीनला वीज आली आणि अख्खं घर लखलखलं. सकाळी फोनवर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिव्यांना ‘आधीसारखं’ ठेवा. गीझरला ‘बंद’ ठेवा, आणि त्यावर वाद नको.

राउटरचा खेळ

‘आमच्या ग्राहकांकडे आयपीव्ही६ नसतं, मग मॅटर कसं चालणार?’ हा प्रश्न मला दर बैठकीत ऐकू येतो. सेवा देणाऱ्या कंपनीकडून आयपीव्ही६ मिळण्याची गरज नाही. घरातल्या घरात उपकरणं लिंक-लोकल, म्हणजे फक्त घरच्या नेटवर्कपुरते, पत्ते स्वतःच तयार करतात आणि मॅटरला तेवढे पुरतात.

अडचण वेगळीच असते. उपकरणं एकमेकांना एमडीएनएसने, म्हणजे नेटवर्कवर हाक देऊन, शोधतात आणि ती हाक मल्टिकास्टने, म्हणजे त्याच नेटवर्कवरच्या अनेकांना एकदम, जाते. घरात केबलवाल्याचा एक राउटर आणि त्याच्यामागे मुलाने आणलेला दुसरा असेल, फोन एकावर आणि मॉड्यूल दुसऱ्यावर असेल, तर हाक पोहोचत नाही. गेस्ट नेटवर्कवर जोडलं तरी तेच. इथे क्लाउड सरळ जिंकतं. ते बाहेर जाणारी एक जोडणी मागतं आणि ती कुठल्याही राउटरवर मिळते. मॅटरचा माल विकणार असाल, तर ‘फोन आणि मॉड्यूल एकाच राउटरवर आहेत का’ हा प्रश्न तुमच्या मदत-केंद्राने पहिला विचारायला हवा.

थ्रेडची अडचण समजायला याहून सोपी आणि सोडवायला जास्त कठीण. त्याला घरात बॉर्डर राउटर (थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कशी जोडणारं उपकरण) लागतो. ॲपलच्या होमपॉड मिनी स्पीकरमध्ये तो आहे, गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबमध्ये आहे, ॲमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या मोठ्या एकोमध्ये आहे. पण आपल्या घरांत जास्त दिसणारे नेस्ट मिनी आणि एको डॉट मॅटर समजतात, थ्रेड बॉर्डर राउटर होत नाहीत. हजार-दीड हजारांचं मॉड्यूल घेणाऱ्याला ‘आधी वेगळा स्पीकर आणा’ असं सांगून बघा.

खर्च: दिसणारा आणि न दिसणारा

क्लाउडचा रस्ता सुरुवातीला सगळ्यात स्वस्त. ईएसपी८२६६ सारखी जुनी चिप चालते, प्रमाणपत्र नाही, तयार सेवा घेतली तर महिन्याभरात माल बाजारात. पण सर्व्हरचं बिल विक्री थांबल्यावरही चालूच राहतं, आणि अलेक्सा-गूगलची जोडणी प्रत्येकासाठी वेगळी लिहून जपावी लागते. माझ्या स्वतःच्या घरी एका कंपनीचा हब पडून आहे. तिने सर्व्हर बंद केला आणि त्या दिवशी पाच दिवे पुन्हा साधे दिवे झाले.

मॅटरमध्ये खर्च पुढे ढकलता येत नाही, तो आधीच समोर उभा राहतो. अलायन्सचं सदस्यत्व, ज्याची वर्गणी दरवर्षी हजारो डॉलरांत जाते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी. प्रत्येक नगाला वेगळं डिव्हाइस ॲटेस्टेशन सर्टिफिकेट, म्हणजे नग अस्सल असल्याचा डिजिटल दाखला. छोट्यांसाठी एक आडवाट आहे. दुसऱ्याचं आधीच प्रमाणित झालेलं उत्पादन आपल्या नावाने विकायचं असेल, तर असोसिएट सदस्यत्व पुरतं आणि त्याला वार्षिक वर्गणी नाही. तीन-चार हजार नगांचा पहिला प्रयोग करणाऱ्याने आधी हेच बघावं.

प्रयोग करायला मात्र दमडी लागत नाही. सगळं एसडीके (तयार कोडचा संच) अपाची २.० परवान्याखाली खुलं आहे, चाचणीसाठी राखीव व्हेंडर आयडी (उत्पादकाचे ओळख क्रमांक) आहेत, आणि चिप-टूल नावाच्या प्रोग्रामने लॅपटॉपवरून मॉड्यूल चालवून बघता येतं. अशा नगाला जोडताना फोन ‘हे प्रमाणित नाही’ असं बजावतो. तेव्हा पैसे भरायच्या आधी महिनाभर खेळा.

चिपचं म्हणाल तर ईएसपी८२६६ बाद. त्यात ब्लूटूथ नाही, आणि मॅटरची पहिली जोडणी सहसा ब्लूटूथ एलईवरून (कमी विजेच्या ब्लूटूथवरून) होते. मेमरीही पुरत नाही. वाय-फायसाठी ईएसपी३२-सी३ चालतं. सी६ मध्ये वाय-फाय ६, ब्लूटूथ एलई आणि ८०२.१५.४ असे तिन्ही रेडिओ आहेत, म्हणजे उद्या मन बदललं तरी पीसीबी (सर्किटचा बोर्ड) तोच. या चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफचं एक कार्यालय पुण्यातच आहे. बॅटरीच्या वस्तूंसाठी नॉर्डिक किंवा सिलिकॉन लॅब्ज या कंपन्यांच्या चिप बघा. डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या रेडिओ-परवाना विभागाची) ईटीए मंजुरी चारही रस्त्यांना लागतेच, त्यामुळे तिला तुलनेत धरू नका.

न दिसणारा खर्च जुळणीच्या ओळीवर आहे. मॅटरच्या प्रत्येक नगाचा क्यूआर कोड वेगळा, त्यातला आठ आकडी पासकोड वेगळा, आणि तो आतल्या चिपमधल्या माहितीशी जुळलाच पाहिजे. आमच्याकडे एकदा स्टिकरच्या रिळातला पहिला स्टिकर फाटला, बाईंनी पुढचा लावला आणि पाचशे नगांचे स्टिकर एका घराने सरकले. प्रत्येक डब्यावर शेजारच्याचा कोड. आता शेवटच्या टप्प्यावर कॅमेरा कोड वाचतो आणि नग खरोखर जोडून बघतो. नगामागे सात-आठ सेकंद जातात, पण ते पाचशे डबे उघडण्यापेक्षा बरे.

पंखा, आणि मॅटरची हद्द

दिवा सगळेच लावतात, खरी गोम पंख्यात आहे. मॅटरच्या फॅन कंट्रोल क्लस्टरमध्ये वेगाच्या पायऱ्या किती ते सांगता येतं. आपला रेग्युलेटर पाचाचा, म्हणून पाच. पण फोनवरून येते टक्केवारी, आणि ती वरच्या पायरीकडे ओढून धरायची असते. ४० टक्के म्हणजे दोन, ४१ म्हणजे तीन. हे जवळच्या पूर्णांकावर नेलंत, तर चाचणीत लोंबकळाल आणि ग्राहकाचा स्लायडर उड्या मारेल.

विजेच्या वापराचं मोजमाप मे २०२४ च्या १.३ आवृत्तीत आलं, कॅमेरे तर नोव्हेंबर २०२५ च्या १.५ मध्ये. आणि कागदावर आलं म्हणजे ग्राहकाच्या ॲपमध्ये दिसलं असं नाही. प्रत्येक कंपनी आपल्या गतीने चालते. टाकीची पातळी बघून मोटर बंद करणं, कोरडी चालली तर तोडणं, सोसायटीच्या सेक्रेटरींना संदेश पाठवणं, असल्या आपल्या गरजा मॅटरच्या शब्दांत बसवायला जाऊ नका. तिथे स्वतःचं ॲप लागणारच.

वाय-फायवरच्या मॅटरचा मला आवडणारा गुण इथे कामी येतो. एकाच मॉड्यूलमध्ये दिवा-पंखा मॅटरवर आणि तुमची खास कामं तुमच्या क्लाउडवर, दोन्ही सुखाने नांदतात. ४ मेगाबाइट फ्लॅशमध्ये अपडेटसाठी दोन कप्पे ठेवून ते बसवताना दाटी होते, पण बसतं. शिवाय एक उपकरण किमान पाच ‘फॅब्रिक’मध्ये, म्हणजे पाच वेगवेगळ्या व्यवस्थांमध्ये, एकाच वेळी राहू शकतं. सुनेचा आयफोन आणि सासऱ्यांचा अँड्रॉइड यांच्यात निदान दिव्यावरून तरी तंटा नाही.

मग झिगबी आणि थ्रेड कुणी घ्यावं

बिल्डरकडून अख्ख्या इमारतीचं काम मिळत असेल, हब तुमचाच असेल आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये चाळीस-पन्नास नोड (जोडलेली उपकरणं) असतील, तर मी आजही झिगबी घेईन. एवढी उपकरणं साध्या राउटरवर लादणं हा अन्याय आहे. माझा ढोबळ हिशोब असा, की घरात तिशीच्या पुढे गेलात तर वाय-फाय सोडा. बोर्डामागच्या मॉड्यूलला कायम वीज मिळते, त्यामुळे ते जाळ्याचा भक्कम खांब होतं. स्मार्ट बल्बसारखं कुणीतरी भिंतीवरचा स्विच दाबून त्याला जाळ्यातून उठवत नाही. झिगबीचा माल आधीच बाजारात असेल, तर हबलाच मॅटर ब्रिज, म्हणजे झिगबी आणि मॅटरमधला दुभाषा, करा. फिलिप्स ह्यूने सप्टेंबर २०२३ मध्ये तेच केलं आणि ग्राहकांचे जुने बल्ब जागचे न हलवता मॅटरमध्ये आले.

थ्रेड घ्या ते बॅटरीसाठी. दाराचा सेन्सर, सिंकखालचा गळती सेन्सर, गॅलरीतलं तापमान. नाण्याएवढ्या सेलवर वाय-फाय टिकत नाही, थ्रेडवरचं उपकरण बहुतेक वेळ झोपून राहतं. फक्त ग्राहक कोण ते बघा. कोथरूडच्या नव्या टॉवरमध्ये होमपॉड मिनी सापडेल, तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकलच्या दुकानातून जाणाऱ्या मालासोबत बॉर्डर राउटरही तुम्हालाच द्यावा लागेल.

आणि निर्णय काहीही होवो, चारही रस्त्यांना सारखीच लागू होणारी एक चाचणी पीसीबी पक्का करण्याआधी करून घ्या. रेडिओ सगळ्यांचा बहुधा २.४ गिगाहर्ट्झचाच आहे आणि आपल्याकडचे भिंतीतले बॉक्स पुष्कळदा पत्र्याचे असतात. मॉड्यूल तशाच बॉक्समध्ये बसवा, समोर प्लेट लावा, अँटेना पत्र्याकडे नव्हे तर प्लेटकडे येईल अशी ठेवा आणि मग दोन खोल्या पलीकडून सिग्नल मोजा. टेबलावर मोजलेला आकडा विसरून जा.