९९ ची कॅमॅरो झी-२८, ऑटोक्रॉसचा एक सीझन झाल्यावर

ऑटोक्रॉसचा (कोनांमधून एकेकट्याने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची स्पर्धा) एप्रिल ते ऑक्टोबर असा अख्खा सीझन झाला, आता लिहायला हरकत नाही. गाडी १९९९ ची शेवरोले कॅमॅरो झी-२८, सहा गिअरची मॅन्युअल. राहतो मिशिगनमध्ये पण गाडी मुद्दाम टेनेसीतून आणली, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि जुन्या गाड्यांची खालून पार चाळण झालेली असते.

खरं तर डोक्यात १९६९ चीच कॅमॅरो होती, कोणाच्या नसते! पण तिचं स्टिअरिंग, ब्रेक, मागचे लीफ स्प्रिंग सगळंच बदलत बसायचं आणि बरी बॉडी मिळवण्यातच बजेट संपतं. १९६५ ची मस्टँग पण बघितली, पुढच्या चाकाला धरणारा वरचा दांडा (कंट्रोल आर्म) एक इंच खाली घ्यायची, कॅरल शेल्बीच्या रेसिंग मस्टँगवाली जुनी ट्रिक स्वस्तात होते, पण शॉक बसवायच्या उंच खोबणींमुळे (शॉक टॉवर) इंजिनच्या बाजूला हात जायला जागा नाही. झी-२८ ला नेमकं वळणारं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, चारही डिस्क ब्रेक आणि अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं ५.७ लिटर एलएस१ इंजिन, ३०५ हॉर्सपॉवर, सगळं मुळातच आहे. दिसायला ६९ च्या नखाची सर नाही, मान्य.

पॉवरवर एक डॉलर घातला नाही. पार्किंग लॉटमध्ये कोन लावलेले असतात, एकेक गाडी सोडतात, मिनिटभरात रन संपते आणि बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो, तिथे जास्त पॉवर घेऊन करणार काय? पैसे गेले टायरमध्ये. मूळचे २३५ मिमी रुंदीचे काढून १७ इंची व्हीलवर २७५ चे टाकले, २०० ट्रेडवेअरचे (हा आकडा कमी तितकं रबर लवकर झिजणारं पण चिकट), आणि गाडीच बदलली असं वाटलं. शॉकही घ्यावे लागले, विकणारा नवे आहेत म्हणाला होता, जॅकवर चढवली तर एक तेल गाळत होता.

मग स्प्रिंग बदलून गाडी थोडी खाली घेतली आणि गंमत झाली, डावीकडे वळताना मस्त, उजवीकडे मागचा भाग सुटायचा. दोन इव्हेंट मला वाटत होतं मीच चुकतोय (ते पण होतंच म्हणा). शेवटी फेंडरवरून ओळंबा सोडून मापलं तर मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला ९ मिमी सरकलेला! मागचं सगळं आडवं सरकू नये म्हणून असलेल्या पॅनहार्ड रॉडचं एक टोक बॉडीला, दुसरं अ‍ॅक्सलला, त्यामुळे उंची बदलली की अ‍ॅक्सल कमानीत सरकतो. अ‍ॅडजस्टेबल रॉड टाकला, मध्यावर आणला, निम्मी तक्रार तिथेच मिटली.

त्रास सांगायचे तर इंजिन अर्धं काचेखाली घुसलेलं, मागचे स्पार्क प्लग खालून हात घालून काढले, कोपरापर्यंत ओरखडे. शेजारच्या सीटपुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा उंचवटा आहे त्यामुळे इन्स्ट्रक्टर बिचारा एक पाय वर घेऊन बसतो. लांब नाकापुढचा कोन दिसतच नाही, पहिल्या दिवशी तीन उडवले, कोनामागे दोन सेकंद दंड. मागचा १० बोल्टचा अ‍ॅक्सल ड्रॅगवाल्यांच्या हातात टिकत नाही म्हणतात, म्हणून मी सुटताना क्लच आपटत नाही, अजून तरी आवाज नाही. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाल्या, एवढी लांब गाडी आणि मागे पोरांना बसायला जागा नाही?

आता थंडीत स्टँडवर उभी आहे. टॉर्क आर्म (मागचा धुरा पिळू नये म्हणून पुढे जाणारा लांब दांडा) बदलायचाय, मूळचा गिअरबॉक्सच्या शेपटीला बांधलेला असतो आणि सगळा झटका तिथेच जातो. पण त्याआधी सीट, कारण वळणावर कन्सोलला रेटून रेटून उजवा गुडघा अजून निळा आहे.