विचर ३ संपवून काही महिने: एका बर्फाच्या गोळ्याचा हिशेब

स्पॉयलर आहेत. या व्हिडिओ गेममध्ये सिरीचं, म्हणजे नायक गेराल्टने लेकीसारखी वाढवलेल्या मुलीचं, काय होतं हे माहीत नसेल तर इथेच थांबा.

ग्राफिक्स, लढाई, ग्वेंट (गेममधला पत्त्यांचा खेळ) यांवर २०१५ पासून भरपूर लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. माझी तक्रार बर्फाच्या गोळ्याची आहे.

केअर मॉरहेन किल्ल्यावरच्या लढाईनंतर सिरी खचलेली असते. गेराल्टपुढे दोन वाक्यं येतात. “सगळंच जमायला हवं असं नाही” हे ऐकायला समजूतदार वाटतं. निवडलंत की गेमच्या छुप्या हिशेबात उणे. दुसरं निवडलं की दोघं बर्फाचे गोळे फेकून खेळतात, आणि ते अधिक. असे जमाखर्च आणखीही आहेत: तिला सम्राटाकडे नेऊन बक्षीस घेतलं की उणे, चेटकिणींच्या बैठकीला एकटीला जाऊ दिलं की अधिक, तिचा गुरू आव्हालाख याची प्रयोगशाळा फोडू दिली की अधिक, तिला मदत केलेल्या स्यालच्या थडग्यापाशी सोबत गेलात की अधिक. तीन अधिक झाले तर ती वाचते. गेम यातलं चकार शब्द बोलत नाही. निकाल कळतो कित्येक तासांनी, तोवर ऑटोसेव्ह कधीच पुसले गेलेले! म्हणून धुक्याच्या बेटावर निघताना, उरलेली कामं आटपून घ्या असा इशारा येतो तिथेच, हाताने वेगळा सेव्ह करा आणि त्याला हात लावू नका.

कथा संपली की गेम पुन्हा त्याच जगात सोडतो. सिरी कुठेच नाही, किल्ला ओस, फलकांवर उरलीसुरली कंत्राटं. शंभर तासांच्या सोबतीनंतर हा निव्वळ आळशीपणा वाटला होता. ते मत ‘ब्लड अँड वाइन’ या गेमच्या विस्ताराने बदललं. त्यातल्या तूसाँ प्रदेशात कॉर्व्हो बियांकोचा द्राक्षमळा मिळतो, आणि तिथे शेवटी कोण पाहुणं येतं ते बहुतेक आधीच्या निवडींवर ठरतं. त्यामुळे हा भाग मुख्य कथेनंतरच खेळा. आधी उरकलात तर शेवटी हाती ते ओसाड जगच उरतं. जुना मित्र रेजिस याच्यासोबत बसलेला गेराल्ट विश्रांतीची गोष्ट काढतो आणि सरळ पडद्याबाहेर, आपल्याकडे बघून किंचित हसतो. निरोप म्हणावा तर हा.

करमत नाही म्हणून न्यू गेम प्लस, म्हणजे संपलेला गेम जमवलेल्या सामानासह पुन्हा पहिल्यापासून, घेतला तर पातळी ३० पेक्षा कमी असली तरी गेम ती ३० वर आणून देतो. तलवारी, चिलखतं सोबत येतात. ग्वेंटचे पत्ते मात्र नाहीत. एवढं फिरून, हरून-जिंकून जमवलेले! पाठीवर उत्तमातली उत्तम तलवार, आणि व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत पुन्हा तेच सुरुवातीचे रद्दी पत्ते हातात.